३ फुटी फिश टँकसाठी घरीच लाकडी टॉप बनवायचाय, लाईटसकट. सोलापूरचा उन्हाळा धरून सांगा

पूर्वभागवाला | ६ एप्रिल, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. लई दिवस नुसता वाचक होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

घरात ३ फुटी टँक आहे. ३६ × १५ × १८ इंच, काच ८ एमएमची. टँकसोबत आलेला प्लास्टिकचा टॉप दोन उन्हाळ्यांत पिवळा पडून तडकला, त्यातली लाईट तर त्याच्याही आधी गेली होती, म्हणून मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतःच एक टॉप ठोकला. एमडीएफचा. हसू नका. बाहेरून झकास सनमायका मारला, आतून काहीच नाही, म्हटलं आत कोण वाकून बघतंय. गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे आले होते तोपर्यंत सगळे वा वा करत होते. फेब्रुवारीत खालची कड फुगायला लागली, मार्चमध्ये चहात बुडवलेल्या खारीसारखी झाली आणि गेल्या आठवड्यात झाकण उघडायला गेलो तर बिजागरी स्क्रूसकट हातात.

ते एकवेळ चालेल. पण परवा दुपारी जेवायला घरी आलो तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायलेत. झाकण काढलं तर आतून वाफेचा भपकारा आला, इडलीचं पात्र उघडल्यावर येतो तसा. पाणी ३४ डिग्री. मोली वाचल्या, दोन एंजल गेले. तीन वर्षांचे होते.

आता नवीन करायचाय आणि नीट करायचाय. लाकूड कुठलं घेऊ, आतून काय मारू, लाईट कुठली आणि किती वॅटची, आणि मुख्य म्हणजे आत कोंडणाऱ्या गरमीचं काय करू? अजून एक, माळ्यावर आजोबांच्या हातमागाचं लाकूड पडून आहे, दोन खांब, चार-पाच पट्ट्या आणि एक धोटा (विणताना आडवा धागा नेतो तो). ते वापरता येईल का? आई म्हणते सरपण तरी कर नाहीतर काहीतरी बनव, माळा मोकळा कर.

भाकरतुकडा | ६ एप्रिल, रात्री ११:३०

काय बे, माशांना बंगला बांधायलास, स्वतःच्या घराला रंग दे आधी 😄
एंजलचं वाईट वाटलं पण.

रंधा | ७ एप्रिल, सकाळी ७:०५

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला पुठ्ठा, पाण्याच्या डोक्यावर ठेवलास म्हणजे काय होणार. सनमायका बाहेरून आणि आतून उघडं, म्हणजे रेनकोट घालून छत्री उलटी धरल्यासारखं झालं. ओलावा आतूनच येतो बाबा, बाहेरून कोण पाणी मारतंय त्याला.

आमचं घरचं काम सुताराचं, वडील करायचे, मी आता फर्निचरचं करतो. सांगतो ते लिहून घे.

प्लाय घे, चार सूत. सूत माहीत नसेल तर, इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत, म्हणजे चार सूत = अर्धा इंच, दुकानात १२ एमएम मागायचा. सहा सुताचा म्हणजे १८ एमएमचा घेऊ नको, मजबूत वाटतो पण एवढा टॉप १० किलोच्या वर जाईल आणि दर आठवड्याला पाणी बदलताना तो उचलायचाय. चार सुतात सात किलोच्या आसपास बसेल.

प्लायमध्ये एमआर, बीडब्ल्यूआर आणि बीडब्ल्यूपी असे प्रकार असतात, पाणी सोसण्याच्या चढत्या क्रमाने. एमआर म्हणजे दुकानदार ज्याला कमर्शियल म्हणतात तो, तो नको. बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. पण शिक्क्यावर जाऊ नको. एक वितीएवढा तुकडा माग आणि घरी पाण्यात दोन-तीन तास उकळ. कमर्शियल असेल तर पापुद्रे सुटून हातात येतील. मरीनला स्टँडर्डप्रमाणे ७२ तास उकळून टेस्ट करतात, तुझ्या गॅसवर तीन तासांत त्याला काही होत नाही.

आणि अख्खी शीट घेऊ नको, ८ × ४ ची ३२ फूट होते, तुला लागणार साडेआठ-नऊ फूट. वखारीत उरलेले कटपीस पडलेले असतात, ते बघ.

मागाच्या लाकडाचं फोटो टाकल्यावर सांगतो.

पूर्वभागवाला | ७ एप्रिल, सकाळी ९:४०

@रंधा दादा, लई धन्यवाद. संध्याकाळी वखारीत जातो. माळ्यावरचे फोटो टाकलेत खाली, अंधारात काढलेत.

फेज_न्यूट्रल | ७ एप्रिल, दुपारी १:२२

लाकडाचं रंधा बघतील, लाईटचं मी सांगतो कारण लोक इथंच मरतात, आणि मरतात म्हणजे खरंच मरतात.

२३० व्होल्टची ट्यूब, होल्डर, बॅटन, फ्लडलाईट, काहीही असो, पाण्याच्या वर झाकणात बसवू नको. आत सगळं १२ व्होल्ट डीसी. अडॅप्टर बाहेर, टँकच्या पातळीपेक्षा खाली नको आणि टँकच्या वर पण नको, बाजूला भिंतीवर. आणि जी वायर टँककडून सॉकेटकडे जाते तिला पोट सोड, म्हणजे सॉकेटच्या खाली वीतभर लोंबकळू दे आणि मग वर ने. पाणी वायरवरून ओघळत आलं तर त्या पोटातून खाली गळतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. फुकटचा उपाय आहे, शंभरातले नव्वद जण करत नाहीत. घरात ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) आहे का बघ, नसेल तर आधी ती बसव आणि मग टॉपचं बघ.

ट्यूबच्या नादी तसंही लागू नको. चार फुटी ट्यूब तुझ्या टँकपेक्षा लांब, दोन फुटी घेतली तर दोन्ही कोपरे अंधारात.

स्ट्रिप लाईट घे. ५०५० ची (हा एलईडीचा प्रकार), मीटरला ६० एलईडी, ती मीटरला १४.४ वॅट खाते. ८५ सेंटिमीटरच्या तीन ओळी कर, म्हणजे अडीच मीटर, ३६-३७ वॅट, १२ व्होल्टला ३ अँपिअर. अडॅप्टर ५ अँपिअरचा घे, पूर्ण ताकदीवर चालवला की ते लवकर जातात आणि सोलापुरात तर अजून लवकर. तीन ओळी एकामागे एक जोडू नको, शेवटची ओळ मंद पेटेल. तिन्हींना मेन वायरवरून वेगवेगळं कनेक्शन दे.

स्ट्रिप थेट लाकडाला चिकटवू नको. मागचा गोंद ओलाव्यात सुटतो आणि एक दिवस स्ट्रिप पाण्यात लोंबते. अ‍ॅल्युमिनियमचं प्रोफाईल मिळतं, यू आकाराचं, वर दुधी कव्हर, फॉल्स सीलिंगवाले वापरतात ते. त्यात बसव, प्रोफाईल स्क्रूने लाकडाला. एलईडीची गरमी पुढून येत नाही, पाठीतून निघते, ती अ‍ॅल्युमिनियम ओढून घेतं. प्रोफाईलची दोन्ही तोंडं आणि सोल्डरचे जॉइंट सिलिकॉनने बंद. सगळं नवी पेठेत मिळून जाईल.

हिरवाकोपरा | ७ एप्रिल, रात्री १०:०२

झाडं कुठली आहेत ते सांगितलंच नाहीस. जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टो असेल तर वरचं गणित पुरे. साधारण हिशोब असा की लिटरमागे १० ते २० ल्युमेन (उजेडाचं माप) म्हणजे मंद, २० ते ४० म्हणजे मध्यम, त्याच्या वर गेलास तर सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड) नसताना तू झाडं नाही, शेवाळ पाळायलास असं समज. तुझ्या टँकमध्ये माती-दगड वजा करून १३० लिटर पाणी असेल, ३६ वॅटच्या स्ट्रिपमधून ३००० च्या आसपास ल्युमेन मिळतील, म्हणजे लिटरला २२-२३. बरोबर आहे.

रंग ६५०० केल्विन, पाकिटावर कूल डेलाईट लिहिलेलं असतं. ते निळं-जांभळं आरजीबी घेऊ नकोस, मासे बारमध्ये बसल्यासारखे दिसतात.

रोज ६ ते ८ तास, टायमरवर. सुरुवातीला सहाच.

पूर्वभागवाला | ७ एप्रिल, रात्री १०:२०

जावा फर्न, अनुबियास आणि थोडी व्हॅलिसनेरिया. सीओटू वगैरे नाही.

अडकलोय_पुण्यात | ८ एप्रिल, सकाळी ८:५०

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. टॉप लागतोच कशाला? काचेच्या कडेला क्लिपवर बसणारी एलईडी मिळते, लावा आणि वरून उघडं ठेवा. हवा खेळती राहते, गरमी कोंडत नाही, दोन वीकेंड वाचतात. झाकणाची फॅशन जुन्या ट्यूबलाईटच्या काळातली आहे.

पूर्वभागवाला | ८ एप्रिल, सकाळी ११:१५

मुद्दा बरोबर आहे, मी पण आधी तेच ठरवलं होतं. पण आमच्याकडे तीन भानगडी आहेत. एक, स्वोर्डटेल उड्या मारतात, एक सोफ्यामागं वाळलेला सापडला होता. दोन, शेजारच्या गल्लीत अजून यंत्रमाग चालतात, कापसाची तूस हवेत असते, उघड्या पाण्यावर दोन दिवसांत साय धरते. तीन, मांजर. आमची नाही, पण ती स्वतःला आमचीच समजते.

विजापूररोड_काकू | ८ एप्रिल, दुपारी ३:४०

अरे बाळा, तुझे मासे टॉपमुळे गेले हे खरं पण नुसत्या गरमीने नाही गेले. गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. २५ डिग्रीला लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, ३४ ला सातच, आणि गरमीत माशाला लागतो मात्र जास्त. त्यात तू वरून घट्ट झाकण लावलंस, म्हणजे वरची वाफाळलेली हवा हलेना आणि पाणी थंड व्हायची वाटच बंद. माठाला प्लास्टिक गुंडाळून ठेवलं तर पाणी गार होईल का? तसंच हे.

मी बावीस वर्षं मासे पाळतेय, सोलापुरातच. माझ्या टॉपला मागची बाजूच नाही. पूर्ण उघडी. तिथं मच्छरदाणीची जाळी लावलीय आणि कॉम्प्युटरचे दोन १२ व्होल्टचे पंखे बसवलेत, ते पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे वारा मारतात. आपल्याकडची एप्रिल-मेची हवा कोरडी ठक्क, कूलर कसा मस्त चालतो इथं? तेच तत्त्व. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर १५० लिटर पाणी जवळजवळ ४ डिग्रीने गार करेल एवढी उष्णता घेऊन जातं. अर्थात खोलीतली गरमी परत आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन डिग्रीचाच फरक राहतो, पण माशांचा जीव त्या तीन डिग्रीतच असतो.

पाणी रोज कमी होणार. वरून भरताना बोअरचं घालू नकोस. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार खालीच राहतात, तू रोज बोअरचं ओतलंस तर महिन्याभरात टँकचं खारवण होईल. वरची भर आरओच्या पाण्याने करायची, आणि आठवड्याचं पाणी बदलताना नळाचं. उजनीचं पाणी येतं त्या दिवशी दोन बादल्या भरून दोन दिवस ठेवत जा.

हिरवाकोपरा | ८ एप्रिल, दुपारी ४:१०

काकूंना +१. पाणी आणि लाईटच्या मध्ये काच पण टाकू नकोस, लोक सांगतील तुला. वाफ अडते आणि आपल्या पाण्याचे पांढरे डाग बसून पंधरा दिवसांत निम्मा उजेड खातात.

रंधा | ८ एप्रिल, रात्री ९:१५

माळ्यावरचे फोटो बघितले. खांब सागवान दिसतोय पण फोटोवर खात्री नाही. एका टोकाला चार-पाच वेळा रंधा मार, आत सोनेरी-तपकिरी रंग आला आणि चामड्यासारखा तेलकट वास आला तर सागवान. दुसऱ्या फोटोतल्या पट्टीला टाचणीएवढी भोकं आहेत, ती किडीची. ती पट्टी सरळ टाकून दे, घरात ठेवू पण नको.

खांब आतून वापरू नको. इतकी वर्षं त्याला तेल, वंगण, सुताची खळ काय काय लागलं असेल, आतल्या ओलाव्यात ते पाझरलं तर थेंब पाण्यात. बाहेरून पुढच्या फळीला चौकट कर त्याची, प्लायची उघडी कड पण झाकेल. वर्षानुवर्षं सुकलेलं लाकूड आहे, आता वाकणार नाही, असलं नवीन मिळत नाही बे.

आणि मरीन प्लायबद्दल एक राहिलं. तो किडू नये म्हणून त्याच्या पापुद्र्यांना औषध दिलेलं असतं, त्यात तांबं असतं. कोळंबी आणि गोगलगायींना तांबं म्हणजे विष. म्हणून आतून सील केल्याशिवाय टँकवर ठेवायचाच नाही.

पूर्वभागवाला | ९ एप्रिल, रात्री ८:३०

ब्रेकिंग न्यूज. काल एका दुकानातून मरीन म्हणून तुकडा आणला, शिक्का होता, भाव पण मरीनचाच सांगितला. घरी पातेल्यात उकळायला ठेवला. आई देवळातून आली, झाकण उघडून बघते तर लाकूड शिजतंय. पुढची दहा मिनिटं तेलुगूत जे काय ऐकलं ते इथं लिहिता येत नाही. पण दीड तासात तुकड्याची पानं सुटली, वहीसारखी!! आज दुसरीकडून आणला, तीन तास उकळला, ढिम्म. हाच घेतला, ४ × ३ चा कटपीस. पातेलं नवीन घ्यावं लागलं.

भाकरतुकडा | ९ एप्रिल, रात्री ८:४५

प्लायचा रस्सा कसा झाला होता? शेंगा चटणी टाकायची की जरा

फेज_न्यूट्रल | ९ एप्रिल, रात्री ९:००

😂😂

पूर्वभागवाला | १४ एप्रिल, रात्री १०:४८

सुट्टी होती, कापाकापी केली. मिरवणुकांमुळे बाहेर पडायची सोय नव्हती, गच्चीवर बसून काम. टँकच्या मापात चारी बाजूंनी ४ एमएम मोकळे धरले. पुढची फळी ९४६ × २००, बाजूच्या दोन ३८९ × २००, वरचं झाकण ९४६ × ४१३ (ते मधून कापून पुढचा भाग बिजागरीवर), मागं फळीच नाही, फक्त वर ५० एमएमची पट्टी, ढाच्याला बळकटी म्हणून. टॉप काचेवर ४० एमएम खाली उतरतो, म्हणजे पाण्याची रेघ झाकली जाते, आणि आतून पट्टी मारलीय ती काचेच्या कडेवर बसते. पट्टीखाली रबर बीडिंग.

फेविकॉल मरीन + स्टीलचे स्क्रू. आधी बारीक ड्रिल मारून मग स्क्रू, नाहीतर प्लायची कड फाटते, हे एक कड फाडून शिकलो.

खांब सागवानच निघाला, दादा. रंधा मारला तर काय रंग आलाय. आई वर आली, वास घेतला, काही बोलली नाही, तिथंच बसली थोडा वेळ.

रंधा | १५ एप्रिल, सकाळी ६:५०

मापं ठीक. टँकचे दोन्ही कर्ण मोजलेस का वरून?

पूर्वभागवाला | १५ एप्रिल, सकाळी ९:१०

कर्ण? म्हणजे?

रंधा | १५ एप्रिल, सकाळी ९:१४

मेलास.

पूर्वभागवाला | १५ एप्रिल, रात्री ९:३५

मेलो. टॉप बसत नाही. तीन कोपरे बसतात, चौथा काचेवर चढतो. कर्ण मोजले, एक ९८८ आणि एक ९९५, म्हणजे टँकच गुण्यात (काटकोनात) नाही, आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत सिलिकॉनची गाठ बाहेर आलेली आहे, मी माप घेतलं होतं खालून स्टँडजवळ. आता काय करू, सगळं चिकटवून झालंय.

रंधा | १५ एप्रिल, रात्री १०:०५

घाबरू नको. टँक बनवणारे काच चिकटवताना गुण्या लावतातच असं नाही, निम्मे टँक तिरके असतात. आणि तुझं नशीब की मागं फळी नाही. जी बाजू चढते ती फळी आतून पटाशीने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दीड-दोन एमएम घासून काढ, काच जिथं शिरते तेवढ्याच ४० एमएमच्या पट्ट्यात. सिलिकॉनच्या गाठीला ब्लेड लावू नको!! ती गाठ नाही, तुझ्या टँकचा टाका आहे तो. लाकूड काप, सिलिकॉन नाही.

पूर्वभागवाला | १८ एप्रिल, रात्री ११:२०

बसला. दोन रात्री घासत होतो, खालच्या मजल्यावरचे येऊन विचारून गेले की भिंत पाडायलात का.

आता रंगाचं. आतून काय मारू? दुकानात एकजण म्हणाला ऑइलपेंट, एकजण म्हणाला फ्रेंच पॉलिश.

रंधा | १९ एप्रिल, सकाळी ७:००

फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख, पाण्याने पांढरी पडते, टेबलावर ओला ग्लास ठेवल्यावर गोल उठतो बघ, तसं. नको. आतून एपॉक्सी प्रायमर आणि वर दोन हात पांढरा पीयू (पॉलियुरेथेन रंग). पांढरा यासाठी की उजेड परत खाली फेकला जातो, लाकडी रंग ठेवलास तर निम्मा लाकूडच पिऊन टाकेल. कापलेल्या कडांना एक हात जास्त, पाणी फळीच्या पोटातून नाही, कडेतून शिरतं. स्क्रूच्या भोकात पण बोट घालून रंग लाव. बाहेरून सागवानाला क्लिअर पीयू, १२० आणि मग २२० नंबरचा पेपर मारून.

दुपारी रंग मारू नको, या उन्हात वरचा थर लगेच वाळतो आणि खाली थिनर अडकून फोड येतात. संध्याकाळी मार.

विजापूररोड_काकू | १९ एप्रिल, सकाळी १०:३०

आणि टँक असलेल्या खोलीत अजिबात मारू नकोस. गच्चीवरच. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, थिनरचा वास तुला नुसता डोकं दुखवेल, माशांना मारेल. रंग झाल्यावर आठवडाभर बाहेर वाळू दे. नाक लावून बघ, जरासुद्धा वास आला तर अजून दोन दिवस.

अडकलोय_पुण्यात | २२ एप्रिल, दुपारी १२:४५

खर्चाचा आकडा पण टाका राव. क्लिपवाली लाईट १५०० ला येते, बघू तरी किती वाचवले 😉

पूर्वभागवाला | ३० एप्रिल, रात्री ९:५५

टॉप टँकवर चढला! सविस्तर लिहितो.

रंग होऊन नऊ दिवस वाळवला. तीन प्रोफाईल बसवले, मधलं सरळ, पुढचं थोडं मागं तिरकं, नाहीतर सोफ्यावर बसलं की डोळ्यांत घुसतं. लाईट पाण्यापासून सहा-साडेसहा इंचावर येते. पहिल्यांदा पेटवली तेव्हा अनुबियासचा हिरवा रंग बघून मलाच खरं वाटेना, इतके दिवस मी ते काळपट झाड आहे असंच समजत होतो. मागं जाळी, दोन पंखे, ५० च्या पट्टीला लटकवलेत, तोंड खाली तिरपं. अडॅप्टर भिंतीवर, वायरला पोट सोडलंय @फेज_न्यूट्रल, फोटोत लाल बाण काढलाय खास तुमच्यासाठी. आरसीसीबी नव्हती, ती पण बसवून घेतली.

झाकणाला मूठ म्हणून आजोबांचा धोटा लावलाय. दोन्ही टोकांची लोखंडी टोपणं काढली कारण गंजली होती, मधल्या पोकळीत बोटं बरोब्बर बसतात.

खर्च: प्लाय १,१००, लाईट-प्रोफाईल-अडॅप्टर १,४५०, पंखे ५००, रंग आणि पेपर ९००, स्क्रू-बिजागरी-बीडिंग ३५०, टायमर ३५०. एकूण ४,६५०. आरसीसीबी आणि पातेलं यात धरलेलं नाही. पुणेकर, तुम्ही जिंकलात.

अडकलोय_पुण्यात | ३० एप्रिल, रात्री १०:१०

फोटो बघितला. नाही, तुम्ही जिंकलात. तो धोटा काय भारी दिसतोय.

पूर्वभागवाला | ४ मे, दुपारी २:२५

मदत. बाहेर ४२-४३ असेल, आत्ता पाणी ३३. टॉप नसताना पण एवढंच होतं. मग पंखे करतात तरी काय?

फेज_न्यूट्रल | ४ मे, दुपारी २:३१

पंखे आत्ता फिरतायत का?

पूर्वभागवाला | ४ मे, दुपारी २:३४

...नाही.

फेज_न्यूट्रल | ४ मे, दुपारी २:३६

लाईट आणि पंखे एकाच अडॅप्टरवर, आणि अडॅप्टर टायमरवर. लाईट किती वाजता लागते तुझी?

पूर्वभागवाला | ४ मे, दुपारी २:३७

४ ते १०.

भाकरतुकडा | ४ मे, दुपारी २:४०

म्हणजे दुपारभर बंद आणि रात्री दहापर्यंत गार वारा. बरोबर आहे की बे, मासे पण संध्याकाळी गच्चीवर बसत असतील

फेज_न्यूट्रल | ४ मे, दुपारी २:४५

जुन्या राउटरचा वगैरे १२ व्होल्टचा अडॅप्टर पडला असेल घरात, १ अँपिअरचा पुरे, दोन पंखे मिळून अर्धा अँपिअर पण खात नाहीत. पंखे त्यावर, टायमरशिवाय. सकाळी १० ला चालू, रात्री झोपताना बंद.

पूर्वभागवाला | ९ मे, रात्री १०:१५

पाच दिवसांचे आकडे, रोज दुपारी ३ ला मोजलेले: ३०.५, ३०, ३०.५, ३०, २९.५. म्हणजे तीन डिग्रीने उतरलं. पाणी रोज दोन-अडीच लिटर कमी होतं, काकूंनी सांगितल्याप्रमाणे आरओचं भरतो. मासे खालीच फिरतायत, एकही तोंड वर नाही. लोडशेडिंग झालं तर मात्र बोंब, त्या वेळी झाकण उघडून ठेवतो आणि आई मांजरावर पहारा ठेवते.

विजापूररोड_काकू | १० मे, सकाळी ९:२०

छान. पावसाळा लागला की पंख्यांचा असर कमी होईल, दमट हवेत कूलर कसा नुसता चिकचिक करतो तसं. तेव्हा घाबरून जाऊ नकोस, तेव्हा बाहेरच गार असतं. नवीन एंजल आणशील तर जूनपर्यंत थांब.

पूर्वभागवाला | २ जुलै, रात्री ९:०५

धागा वर आणतोय. दोन महिने झाले. खालच्या कडा बघितल्या, बोट फिरवून, टॉर्च लावून, कुठं फुगवटा नाही. शेवाळ सुरुवातीला आलं होतं, लाईट सहा तासांची पाच केली, गेलं. एंजल आणले, चार, रुपयाएवढे आहेत अजून.

एकच त्रास आहे. पाऊस पडल्यापासून झाकणाचा डावा कोपरा घासतोय, उघडताना चर्रर्र आवाज येतो. प्लाय फुगला का काय, पोटात गोळाच आला.

रंधा | २ जुलै, रात्री ९:४०

प्लाय नाही, सागवानाची चौकट आहे ती, पावसाळ्यात लाकूड एखादा केस आडवं वाढतं, दिवाळीनंतर आपोआप आत जाईल. आत्ता रंधा मारू नको, उन्हाळ्यात फट दिसेल. घासतो तिथं मेणबत्ती चोळ.

पूर्वभागवाला | ३ जुलै, सकाळी ८:१०

चोळली. आवाज गेला.
आई म्हणते गेला ते बरं नाही झालं, आवाज आला की मांजर पळायचं.